भरलेली गाडी हातात येते तेव्हा : लांबच्या मार्गावर नव्यानं निघणाऱ्या ट्रकचालकासाठी

ट्रेनिंगची गाडी बहुतेक वेळा रिकामी असते. मैदानात आठचा आकडा काढला, रिव्हर्स लावली, चढावर हाफ क्लचवर गाडी धरली, आरटीओची टेस्ट पास झाली, आणि हे सगळं सहा-सात टनांच्या गाडीवर झालं. कामावर लागल्यावर तीच सहाचाकी माल भरून साडेअठरा टनांपर्यंत जाते, दहाचाकी साडेअठ्ठावीस टनांपर्यंत. ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर, गियर टाकायची वेळ, वळणावरचा झोक, टायरची गरमी यातलं काहीच पूर्वीसारखं राहत नाही. शिवाय ताडपत्रीखाली दुसऱ्याचे लाखो रुपये असतात. पहिल्या सहा महिन्यांत शिकायची ती ही भरलेली गाडी.

कोणाची गाडी धरायची

परवान्याचं आधी बघून घ्या. मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी वय २० पूर्ण लागतं आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. हा परवाना ५ वर्षं चालतो. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्याचा अर्थ छोटा टेम्पो चालतो, ट्रक चालत नाही. पेट्रोल, गॅस किंवा केमिकलच्या टँकरवर जायचं असेल तर धोकादायक मालाचं ३ दिवसांचं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद हवीच. ती नसताना एखादा मालक "एकच फेरी मार" म्हणाला तरी जाऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तुमच्या परवान्यावर ठेवते.

पहिले तीन महिने तरी उस्तादाच्या, म्हणजे जुन्या मुरलेल्या ड्रायव्हरच्या, जोडीला जा, पगार कमी मिळाला तरी. सुरुवात सहाचाकीवर आणि एकाच ठरलेल्या मार्गावर झाली तर फार बरं. पुणे-बेंगळुरू किंवा नाशिक-इंदूर असा एक मार्ग दहा वेळा केला की कुठल्या वळणानंतर उतार आहे, कुठल्या नाक्यावर रांग लागते, कुठल्या पंपावर रात्री गाडी लावता येते, हे डोक्यात पक्कं बसतं. रोज नवा मार्ग आणि रोज नवा माल असेल, तर नवा माणूस रस्ता बघण्यातच थकतो आणि गाडीकडे त्याचं लक्ष राहत नाही.

मालकाशी बोलताना पगाराचा आकडा ऐकून लगेच हो म्हणू नका. महिना पगार की फेरीवर, रोजचा भत्ता किती, पंक्चर कोणाचं, चलान कोणाचं, मालात घट आली तर कापणार कोण, गाडी माल उतरून खाली (रिकामी) व्हायला चार दिवस थांबली तर भत्ता चालू राहतो का, हे सगळं मोबाइलवर मेसेजमध्ये लिहून घ्या. आणि परवान्याची मूळ प्रत मालकाकडे ठेवू नका. झेरॉक्स द्या. मूळ परवाना अडकला की माणूसच अडकतो, नोकरी सोडताही येत नाही.

कागद

आरसी, विमा, फिटनेस, परमिट, टॅक्स आणि पीयूसी, या सहांच्या तारखा स्वतः वाचा. मालक सगळं ओके आहे म्हणाला तरी गाडीचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. ट्रक ८ वर्षांचा होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. जुन्या गाड्यांचा घोळ नेमका इथेच होतो. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद कायद्याने चालतात. तरीही एक झेरॉक्स संच प्लॅस्टिकच्या पिशवीत सीटमागे ठेवा, कारण मोबाइलची बॅटरी नको त्या नाक्यावर संपते.

मालाचे कागद तीन : बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टची पावती), बिल आणि ई-वे बिल (जीएसटीच्या पोर्टलवर केलेली मालवाहतुकीची नोंद). माल ५० हजारांच्या वरचा असेल तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना ई-वे बिल लागतं. भरल्या जागेवरून निघण्याआधी त्याच्या भाग ब मध्ये आपल्याच गाडीचा नंबर आहे ना, हे अक्षर-अक्षर जुळवून बघा. एमएच १२ च्या जागी १४ पडलं तर तपासणीत गाडी उभी राहते आणि कारकुनाची चूक निस्तरायला तुम्ही रस्त्यावर बसता.

ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला, किंवा त्याच्या भागाला, एक दिवस अशी मोजतात. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. म्हणजे सोमवारी दुपारी ४ ला नंबर भरला तर पहिला दिवस मंगळवारी रात्री १२ पर्यंत. मुंबईहून दिल्ली साधारण १,४०० किलोमीटर, म्हणजे सात दिवस. हा हिशेब पाठ असू द्या. "बिल संपेल, रात्रभर चालव" असा फोन आला तर मुदत वाचून दाखवता येते. गाडी खरंच बिघडली आणि मुदत संपत आली, तर संपण्याच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढ्याच वेळात ती वाढवता येते. ते काम ट्रान्सपोर्टवाला करतो, वेळेत फोन करणं तुमचं. माल दुसऱ्या गाडीत टाकावा लागला तर नव्या गाडीचा नंबर भाग ब मध्ये चढल्याशिवाय ती गाडी हलवू नका.

फास्टॅगमध्ये पैसे आहेत का, तेही निघताना बघा. टॅग चालला नाही तर रोखीनं दुप्पट टोल जातो, आणि तो हिशेबात कोणाच्या नावावर पडेल यावरून वाद होतो.

निघण्यापूर्वीची फेरी

वीस मिनिटं लागतात. ड्रायव्हरच्या दारापासून सुरू करून गाडीभोवती एकाच दिशेनं फिरा आणि रोज तोच क्रम ठेवा. क्रम ठरलेला असला की फोन आला तरी कुठे थांबलो होतो ते आठवतं.

आधी जमीन बघा. गाडीखाली तेल, पाणी, डिझेल यांचा ताजा डाग आहे का? मग इंजिन ऑइल, कूलंट, पट्टा. बीएस-६ गाडीत डीईएफची टाकी, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या ज्या द्रवाला सगळे युरिया म्हणतात त्याची. शंभर लिटर डिझेलमागे साधारण ४ ते ६ लिटर युरिया लागतो. तो संपला तर इंजिनची ताकद आपोआप कमी होते आणि भरलेली गाडी चढावर रांगायला लागते. कॅन सील असलेलाच घ्या. पाणी मिसळलेला स्वस्त युरिया सेन्सर आणि कॅटलिस्ट दोन्ही खातो. डिझेलच्या टाकीत चुकून युरिया पडला तर किल्लीला हात लावू नका. इंजिन सुरू न करता टाकी रिकामी करून धुऊन घ्यावी लागते. सुरू केलं तर पंप आणि इंजेक्टर जातात, आणि तो खर्च नव्या ड्रायव्हरच्या वर्षभराच्या पगाराला भारी पडू शकतो.

टायर टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, ठोकून बघा. हवा पुरेशी असेल तर टॉमी उसळून हातात परत येते आणि आवाज ठणठणीत येतो. हवा कमी असेल तर धप्प वाजतं आणि टॉमी तिथेच बसते. मागच्या जोडीतला आतला टायर बाहेरून दिसत नाही. तो बसला की सगळा भार बाहेरच्यावर येतो, बाहेरचा तापतो आणि पन्नास-शंभर किलोमीटरवर फुटतो. ठोकण्यानं अंदाज येतो, आकडा कळत नाही, म्हणून स्वतःचा गेज ठेवा. दहा-वीसच्या (१०.०० आर २० मापाच्या) रेडियल टायरला भरलेल्या गाडीत साधारण ११० ते १२० पीएसआय हवा असते. नेमका आकडा गाडीच्या कंपनीच्या तक्त्यातला धरा, आणि मापायचं ते गाडी गार असताना. चालून आलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो. तो बघून हवा सोडली तर गार झाल्यावर टायर कमी हवेवर येतो. जोडीच्या टायरांमध्ये अडकलेला दगड टॉमीनं काढून टाका. वेगात तो निसटला तर मागच्या गाडीची काच फोडतो, नाहीतर आपल्याच टायरची साइड कापतो. चाकाच्या नटाभोवती गंजाची लाल रेघ दिसली तर तो नट सैल आहे. चाक बदललं असेल तर ५० ते १०० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचेच.

आता हवेचा ब्रेक. हे नीट करा, घाई नको. इंजिन सुरू करून हवा पूर्ण चढू द्या. चढली की ड्रायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारा भाग, "फुस्स" करून जादा हवा सोडतो. इंजिन बंद करा, चाकांना ओंडके लावलेले असू द्या, हँडब्रेक सोडा आणि ब्रेकचं पेडल पूर्ण दाबून एक मिनिट धरा. काटा एकदा थोडा खाली येईल आणि थांबेल. थांबला तर ठीक. खालीच येत राहिला तर कुठेतरी हवा गळते आहे. काच खाली करून ऐका, क्लीनरला गाडीखाली कान देऊन फिरू द्या, जॉइंटवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. मग पेडल पुन्हापुन्हा दाबून हवा उतरवा. ठरलेल्या दाबाखाली गेल्यावर बझर आणि लाल दिवा लागलाच पाहिजे. बझर बंद असलेली गाडी घेऊन घाटात उतरू नका. रोज संध्याकाळी हवेच्या टाकीखालची रिंग ओढून साठलेलं पाणी काढा. थोडं पाणी निघणं चालतं. तेलकट काळं पाणी भरपूर निघालं तर कॉम्प्रेसर किंवा ड्रायर दाखवून घ्या.

गाडी हलली की आवारातच चालण्याच्या वेगात एकदा ब्रेक मारा. एका बाजूला ओढते का, ते इथे कळलं पाहिजे. हायवेवर कळून उपयोग नाही. टर्बो इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटं आणि लांब चालून आल्यावर बंद करण्याआधी तेवढंच आयडलवर राहू द्या. गरम टर्बोचं ऑइल एकदम थांबलं की बेअरिंग जळतं.

भरताना

माल भरत असताना झोप काढायचा मोह होतो, कारण रात्री चालवायचं असतं. पण पहिल्या वर्षी भरताना उभे राहाच. वजन पूर्ण हौद्यावर, म्हणजे माल ठेवायच्या भागावर, सारखं पसरलेलं हवं. सगळं मागे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हवेत असल्यासारखं लागतं. सगळं पुढे आलं तर पुढच्या कमानपाट्यांवर आणि ब्रेकवर येतं. एका बाजूला झुकलेली गाडी आवारात सरळ दिसली तरी पहिल्या वळणावर कळते.

काटा पावती, म्हणजे वजनकाट्यावर भरलेल्या गाडीच्या वजनाची पावती, घेतल्याशिवाय निघू नका. पासिंगपेक्षा, म्हणजे आरसीवर मंजूर असलेल्या वजनापेक्षा, जास्त वजन असेल तर मोटर वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. माल हौद्याच्या बाहेर, बाजूला किंवा मागे आला तरी २० हजार. चढ्या वजनाच्या भाड्याचा फायदा मालकाला होतो, घाटात ब्रेक तापवायची वेळ मात्र तुमच्यावर येते. तेव्हा "नाही" म्हणायची जागा काट्यावर आहे. निघून गेल्यावर ती हातात राहत नाही.

प्रत्येक मालाची खोड वेगळी. जालन्याच्या सळया पुढे सरकतात. जोरात ब्रेक लागला तर हौद्याची पुढची भिंत फोडून केबिनमध्ये शिरू शकतात, म्हणून साखळीनं आवळून बांधल्याशिवाय हलू नका आणि पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवा. लासलगाव-पिंपळगावचा कांदा श्वास घेतो. ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट आवळली तर दोन दिवसांत आत वाफ धरते आणि पोचेपर्यंत गोण्यांतून पाणी सुटतं. त्यामुळे वरून झाका आणि बाजू मोकळ्या ठेवा. कोल्हापूर-सांगलीच्या साखरेचं उलट आहे. पाण्याचा एक थेंब चालत नाही, म्हणून पावसाळ्यात दोन ताडपत्र्या, आणि हौद्याच्या फळ्यांतल्या फटींवर आतून प्लॅस्टिक.

दोन ताडपत्र्या टाकताना मागची आधी टाका आणि पुढची तिच्यावर चढवा. वारा पुढून येतो. मागची वर राहिली तर तिच्या कडेखाली वारा शिरून ताडपत्री फुगते, दोर करकरतात आणि पाऊस थेट मालावर. निघाल्यावर तीस-चाळीस किलोमीटरवर थांबून दोर पुन्हा ओढा, कारण माल बसतो आणि दोर ढिले पडतात. माल भरल्यावर गाडीची उंची टेपनं मोजून आकडा केबिनमध्ये काचेवर चिकटवा. रेल्वे पुलाच्या पाटीसमोर उभं राहून अंदाज करायची पाळी येत नाही.

बिल्टीवर सही करताना जे मोजलं तेवढंच मान्य करा. गोण्या मोजल्या असतील तर आकडा लिहा. सील लावलेला कंटेनर असेल तर "आतला माल पाहिला नाही" असं लिहून सील नंबरचा फोटो काढा.

घाट

नव्या ड्रायव्हरचा जीव जातो तो बहुतेक उतारावर, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

खंबाटकी, कसारा, बोरघाट ही नावं सगळ्यांना माहीत असतात आणि तिथे माणूस सावध असतो. फसवतो तो पुण्यातला, कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार. रस्ता रुंद, वळणं सौम्य, समोर शहर दिसतं, आणि गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा मोह होतो. खाली गर्दी लागते तेव्हा ब्रेक तापून गेलेले असतात. तिथे वारंवार झालेल्या अपघातांमागे हे एक मोठं कारण आहे.

न्यूट्रलनं डिझेल वाचतं ही समजूत जुन्या पंपाच्या गाड्यांपासून चालत आली आहे. आताच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गियरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणं बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावं लागतं. म्हणजे वाचत काही नाही आणि इंजिनचा ब्रेक मात्र जातो. किल्ली बंद करून उतरणं तर आत्मघात आहे, कारण कॉम्प्रेसर थांबतो, हवा भरत नाही आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं.

ज्या गियरमध्ये हा घाट भरलेल्या गाडीनं चढला असता, त्याच गियरमध्ये किंवा त्याहून एक खाली उतरायचं. गियर उतार सुरू होण्याआधी, माथ्यावर टाका. मध्येच बदलायला गेलात आणि गियर पडला नाही, तर तेवढ्यात वीस टन न्यूट्रलवर धावायला लागतात आणि मग तो गियर पडतच नाही. एग्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा ब्रेक, चालू ठेवा. तो इंजिन मधल्या-वरच्या फेऱ्यांवर असताना चांगला धरतो, काटा मात्र लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. पायाचा ब्रेक वापरायचा तो असा : वेग ठरवलेल्या मर्यादेला आला की ठाम दाबा, आठ-दहा किलोमीटर कमी करा आणि पाय पूर्ण काढा. हलका पाय सतत ठेवला तर लायनर, म्हणजे ड्रमला घासणारी ब्रेकची पट्टी, एकसारखं घासत राहतं आणि ड्रम तापून फुगतो. मग पेडल दाबलं तरी लायनर पुरतं पोचत नाही, पोचलं तरी चकचकीत झालेलं असतं आणि धरत नाही. पेडल पटापट मारण्यानं दुसरंच संकट येतं. प्रत्येक दाबाला हवा खर्च होते आणि कॉम्प्रेसरला तेवढ्या वेगानं भरता येत नाही. दाब फार खाली आला की मागचे स्प्रिंग ब्रेक स्वतःहून लागतात आणि उतारावर मागची चाकं जाम होतात.

जळकट वास आला किंवा आरशात चाकातून धूर दिसला तर पहिल्या मोकळ्या जागी थांबा. गाडी गियरमध्ये ठेवा, चाकांना ओंडके लावा, अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या. पाणी मारू नका, तापलेला ड्रम तडकतो. ब्रेक गेलाच, तर गियर सोडू नका. एग्झॉस्ट ब्रेक, हॉर्न, चारही इंडिकेटर, आणि वाळूची सुटका-वाट दिसली तर तिच्यात घाला. ती नसेल तर डोंगराच्या बाजूला घासत न्या, दरीच्या बाजूला नाही आणि पुढच्या गाडीवर तर नाहीच.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटात डावी लेन सोडू नका. कॅमेऱ्यांमुळे चलान येतं ही दुसरी गोष्ट. पहिली ही की तुम्ही ३० च्या वेगानं दुसरा ट्रक ओव्हरटेक करत असताना मागून येणाऱ्या कारला ब्रेक मारायला जागा उरत नाही.

सपाट रस्ता आणि झोप

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, सरळ आणि काँक्रीटचा. चढ-उतार कमी म्हणून सोपा वाटतो. उन्हाळ्यात दुपारी काँक्रीट तापतं आणि कमी हवेचा टायर तिथे टिकत नाही, म्हणून दर दोन तासांनी अधिकृत थांब्यावर उतरून टायरजवळ हात नेऊन बघा. एक टायर बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्यात हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय. सरळ रस्त्यावर डोळे उघडे राहून मेंदू झोपतो. गेली पाच मिनिटं कुठून आलो ते आठवत नसेल तर तो थांबण्याचा इशारा समजा.

मोटर वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यानं लांबच्या मार्गावरही दिवसाला १० तासांची हद्द घातली होती, आणि ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती. हे माप शरीराचं आहे, ते पाळा. एकट्यानं चालवताना दिवसाला ४०० ते ४५० किलोमीटर धरा. टोल, जेवण, जाम धरून भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ४० च्या आसपासच पडतो. रात्री २ ते पहाटे ५ या वेळात शरीर झोप मागतंच. चहा, गुटखा, मोठी गाणी यांनी ती पुढे ढकलली जाते, जात नाही. शक्य तितक्या वेळा या तीन तासांत गाडी उभी ठेवा. कोणी जागं राहायची गोळी दिली तर घेऊ नका. तिचा असर उतरतो तेव्हा झोप एकदम येते, आणि त्या वेळी तुम्ही स्टिअरिंगवर असता. दारूची हद्द १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, तिच्या जवळही जायचं कारण नाही.

डिसेंबर-जानेवारीत राजस्थान ओलांडून हरियाणाकडे गेलात तर धुकं भेटेल. आपल्याकडच्या घाटातल्या धुक्याशी त्याची तुलना करू नका, तिथे कधी कधी स्वतःचा बंपर दिसत नाही. हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, लो बीमच ठेवा. डावी रेघ धरून जवळचा ढाबा किंवा पंप गाठा आणि ऊन वर येईपर्यंत थांबा. रस्त्याच्या कडेला थांबू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

उभी गाडी

बिघाड झाला तर शक्य तेवढी डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण किमान ५० मीटर मागे, वेगवान रस्त्यावर शंभर किंवा जास्त. वळणावर असाल तर वळणाच्या अलीकडे. दगड आणि फांद्या लावायची आपल्याकडे पद्धत आहे. लावल्या तर निघताना उचला. रात्री त्या दगडावर मोटारसायकलवाला जातो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन केला की मदतीची गाडी येते, पोलिसांसाठी ११२.

मुक्कामाला गाडी उजेडात लावा, तोंड बाहेरच्या दिशेनं, डिझेलच्या टाकीची बाजू दुसऱ्या गाडीला किंवा भिंतीला चिकटवून. झोपायच्या आधी एकदा आणि उठल्यावर एकदा ताडपत्रीची कड हातानं चाचपा. चढावर गाडी रांगत असताना मागून चढून ताडपत्री फाडतात, त्यामुळे घाट चढून गेल्यावर पहिल्या थांब्यावरही मागे जाऊन बघा.

रिव्हर्सला क्लीनर मागे डाव्या कोपऱ्यात, तुमच्या आरशात दिसेल असा उभा हवा. तो आरशातून नाहीसा झाला की गाडी जागेवर थांबवायची, तो पुन्हा दिसेपर्यंत. यात सूट नाही, कारण अशा वेळी चाकाखाली येतो तो बहुतेक आपलाच माणूस असतो.

अपघात झाला तर

मोटर वाहन कायद्याचं कलम १३४ ड्रायव्हरवर मुख्यतः दोन गोष्टी टाकतं : जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं, उशिरात उशिरा २४ तासांत. जमाव चालून आला आणि थांबणं शक्य नसेल तर त्याची सवलत त्याच कलमात आहे. अशा वेळी तिथून निघून थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा, आणि जाता जाता १०८ व ११२ ला फोन लावा. फोनची वेळ नोंदली जाते, तीच पुढे तुमच्या बाजूनं बोलते. कळवल्याशिवाय पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं भारतीय न्याय संहितेतलं १०६(२) हे पोटकलम, जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी चाकं थांबवल्यावर, १ जुलै २०२४ ला बाकी कायदा लागू होताना बाजूला ठेवलं गेलं. तरी पळून जाणं कधीच फायद्याचं नाही. रस्त्यावर पडलेल्या माणसाला पहिल्या तासात जे मिळतं त्यावर त्याचं जगणं ठरतं.

२० रुपयांत वर्षभर २ लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेत आजच चालू करून घ्या.

पोच आणि पैसे

पोचल्यावर गेटवर आत आल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहायला लावा आणि त्या पानाचा फोटो घ्या. दोन दिवस गाडी उभी राहिली तर हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, मागायला तोच पुरावा लागतो. माल उतरवायची हमाली, म्हणजे वाराई, ड्रायव्हरच्या खिशातून मागतात. "ज्याचा माल त्याचा हमाल" ही वाहतूकदारांची मागणी जुनी आहे, आणि ती बरोबर आहे. पण भांडण गेटवर करण्यापेक्षा निघण्याआधी ट्रान्सपोर्टवाल्याकडून वाराई कोण देणार ते लिहून घ्या. द्यावीच लागली तर पावती घ्या.

पोच पावतीवर सही, शिक्का, तारीख, वेळ हवी. एखादी गोणी फाटली असेल तर ती किती आणि कशी फाटली ते तिथेच लिहून घ्या. कोरी जागा सोडली तर तिच्यात नंतर काय भरलं जाईल हे सांगता येत नाही. फोटो लगेच पाठवा, मूळ पावती जपून ठेवा. ती हरवली की मालकाचं राहिलेलं भाडं अडकतं आणि ओघानं तुमचा पगारही.

रोजच्या खर्चाची वही ठेवा : तारीख, किलोमीटर, डिझेल लिटर, टोल, युरिया, पंक्चर. अ‍ॅव्हरेज काढायचं ते टाकी फुल ते टाकी फुल. मध्येच अर्ध्या टाकीवर काढलेला आकडा खोटा असतो. भरलेली आणि खाली अशा फेऱ्यांचं अ‍ॅव्हरेज वेगळं लिहा, म्हणजे "डिझेल जास्त लागलं" म्हणणाऱ्याला दाखवायला काहीतरी हातात राहतं.

खाली गाडी

माल उतरला की ट्रेनिंगमधली रिकामी गाडी पुन्हा हातात येते, पण तोवर पायाला भरलेल्या गाडीची सवय लागलेली असते. तेवढ्याच जोरानं पेडल दाबलं तर मागची हलकी चाकं जाम होतात. ओल्या रस्त्यावर, विशेषतः जूनच्या पहिल्या पावसात धूळ आणि तेलाचा थर सुटलेला असताना, गाडीची शेपटी बाजूला निघते. एबीएस असलं तरी थांबायला जागा लागतेच. निघण्याआधी फाळक्याच्या खिट्ट्या बसवा, सुटे दोर आणि ताडपत्री गुंडाळून केबिनच्या मागे बांधा, कारण लोंबकळणारा दोर मागच्या चाकात जातो. मग आवारात दोन वेळा हळू ब्रेक मारून पायाला नवं वजन कळू द्या, आणि गेटमधून बाहेर काढा.